बॉनेटला भोकं पाडण्याआधी

शुक्रवारी सकाळी खैरानला गेलात तर बोटी पाण्यात उतरवायच्या उतारापाशी गाड्यांची रांग दिसेल. मोठ्या एसयूव्ही, पिकअप, मागे ट्रेलर, ट्रेलरवर बोट. इंजिन चालू, एसी फुल, गाडी पुढे सरकतेय गोगलगायीच्या गतीने. त्या रांगेत जरा बॉनेटांकडे बघा. बऱ्याच बॉनेटांवर काळ्या जाळ्या, झडपा, नाकपुड्या बसवलेल्या असतात. मला हल्ली खोड लागली आहे, मालकाशी ओळख निघाली की त्या जाळीत बोट घालून बघायची. अर्ध्याअधिक वेळा बोट पत्र्यालाच लागतं. जाळी वरून चिकटवलेली असते, खाली भोकच नसतं.

त्या खोट्या जाळ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. कुणी गाडीला गंध लावतं, कुणी जाळी. माझी तक्रार खऱ्या भोकांबद्दल आहे, कारण ती पाडणारे आपलेच लोक आहेत, आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडतात.

गेल्या सप्टेंबरात आमच्या मनगफच्या गटातल्या एका मित्राची जुनी एसयूव्ही याच रांगेत उकळली. मागच्या सीटवर दोन मुलं, बाहेर अंग भाजणारं ऊन. टोइंगवाला येईपर्यंतचा वेळ कसा गेला ते त्याची बायको अजून सांगते. दुसऱ्याच आठवड्यात त्याने ऑनलाइन दोन झरोके मागवले, शुवैखला जाऊन कापून घ्यायचं ठरवलं, आणि मला विचारलं, "इंजिनीअर माणूस आहेस, कुठे कापू सांग." त्याला मी जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या डोक्यात हाच विचार असणार, हे मला पक्कं माहीत आहे.

आधी एक गोष्ट मान्य करू. कुवेतमध्ये गाडी तापणं हा मनाचा खेळ नाही. इथल्या मित्रिबा या ठिकाणी 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्य केलं. हे तापमान सावलीतलं, जमिनीपासून वर ठेवलेल्या तापमापीचं. तुमच्या गाडीची ग्रिल मात्र डांबरापासून हातभर उंचीवरची हवा पिते, आणि ती याहून गरम असते.

रेडिएटर किती उष्णता फेकू शकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट 100 अंशांवर आहे असं धरा. पुण्यात एप्रिलमधल्या दुपारी हवा 35 अंशांवर असेल तर फरक 65. इथे जुलैत हवा 50 वर, म्हणजे फरकही 50. तोच रेडिएटर, तोच पंखा, तेवढीच हवा, पण क्षमता जवळजवळ पावपट कमी. त्यात रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. तो केबिनमधली उष्णता आधीच त्या हवेत ओततो आणि मग ती हवा रेडिएटरकडे पाठवतो. हवा तिथे 10 अंशांनी तापली तर फरक उरला 40.

खैरानला किनाऱ्यावर आणखी एक भर पडते. समुद्राकडून दमट वारा सुटला की रेडिएटरला विशेष फरक पडत नाही, पण एसीला पडतो. गाडीखाली एसीचं जे पाणी टपकतं, त्याच्या प्रत्येक लिटरमागे साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता एसीने ओढून घेतलेली असते, आणि ती जाते कुठे? कंडेन्सरमध्ये. म्हणजे रेडिएटरच्या तोंडावर.

आणि रेडिएटरवरचं काम तरी किती? ढोबळ हिशोब असा की पेट्रोल जाळून मिळणाऱ्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग चाकांकडे, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर आणि एक तृतीयांश कूलंटमध्ये जातो. मोठी गाडी 100 च्या वेगाने सरळ रस्त्यावर चालत असेल तर कूलंटमध्ये 15 ते 20 किलोवॉट सहज येतात. घरातल्या गॅसच्या शेगडीचा एक बर्नर साधारण 2 किलोवॉटचा. म्हणजे बॉनेटखाली आठ-दहा बर्नर एकदम पेटलेले आहेत, आणि स्वयंपाकघराला खिडकी एकच.

इथवर ऐकून मित्र म्हणाला, "मग हेच तर म्हणतोय मी. वरून भोक पाडलं की गरम हवा निघून जाईल. गरम हवा वर जाते ना?"

जाते. पण किती जोराने? हिशोब करून बघा. बॉनेटखाली हवा 90 अंशांवर, बाहेर 50 वर, आणि मधली उंची अर्धा मीटर. या फरकाने तयार होणारा दाब अर्ध्या पास्कलच्या आसपास येतो. गाडी बंद करून उभी केली की एवढा दाबही उपयोगी असतो, इंजिनभोवतीची धग लवकर ओसरते. पण गाडी चालू असताना पंखा आणि समोरून येणारा वारा यांच्यापुढे हा अर्धा पास्कल म्हणजे वादळात उदबत्तीचा धूर.

माझं गाव कोल्हापूरकडचं. आमच्याकडे गुऱ्हाळ ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. चुलवाणात जाळ चांगला धरायचा असेल तर तोंडाशी कितीही फुंका, खरं काम मागचं धुराडं करतं. धुराडं ओढतं म्हणून तोंडातून हवा आत येते. धुराडं चोंदलं तर धूर तोंडातून बाहेर येतो आणि रस उकळत नाही. वाड्यातली खोलीही तशीच. पुढची खिडकी सताड उघडी, पण मागचं दार बंद असेल तर वारा खिडकीपाशी येऊन थबकतो.

बॉनेटमधला खरा झरोका हे इंजिनच्या खोलीचं मागचं दार आहे. त्याचं मुख्य काम गरम हवेला वाट देणं हे नव्हे, तर इंजिनभोवती कोंडलेला दाब उतरवणं हे आहे. तो उतरला की रेडिएटरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंच्या दाबांतला फरक वाढतो आणि जाळीतून जास्त हवा वाहते. रेडिएटरमधून जास्त हवा गेली तरच कूलंट थंड होतो. बाकी सगळी शोभा.

आता मुद्दा असा की हे दार उघडायचं कुठे? ते डोळ्यांना दिसत नाही, दाबावर ठरतं.

चालत्या गाडीच्या बॉनेटवर सगळीकडे सारखा दाब नसतो. हवा गाडीच्या नाकावरून वळून वर येते तेव्हा तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. म्हणून बॉनेटच्या पुढच्या भागावर, साधारण पहिल्या एक तृतीयांशात, दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे भोक असेल तर हवा आतून बाहेर ओढली जाते. पुढे ही हवा काचेच्या पायथ्याशी, वायपरपाशी, येऊन आदळते. तिथे वेग मंदावतो आणि दाब वाढतो. तिथे भोक पाडलं तर हवा बाहेर येत नाही, उलट आत शिरते.

विश्वास बसत नसेल तर तुमच्याच गाडीचा एसी बघा. केबिनमध्ये ताजी हवा घ्यायची जाळी कंपन्यांनी कुठे ठेवली आहे? वायपरच्या खाली. कारण तिथे हवा आपणहून आत ढकलली जाते. 1969 च्या शेव्हरले कमॅरोला असं एक खास बॉनेट मिळायचं, ज्याचं तोंड पुढे नाही, तर मागे काचेकडे होतं. वरवर बघणाऱ्याला वाटावं की गरम हवा जायची वाट आहे. प्रत्यक्षात ते इंजिनाला श्वास घ्यायला हवा आत ओढण्यासाठी होतं. आणि फोर्ड जीटी40, जी 1966 ते 1969 अशी सलग चार वर्षं ल माँची शर्यत जिंकली, तिच्या नाकावर, रेडिएटरच्या लगेच मागे, हवा बाहेर काढणारी मोठी तोंडं आहेत. पुढे. काचेपाशी नाही.

आता आपल्या लोकांचे झरोके आठवा. बहुतेकांचे बॉनेटच्या मागच्या अर्ध्या भागात असतात, कारण तिथे जागा सपाट असते, दिसायला बरं दिसतं आणि इंजिन "तिथेच" असतं.

याहून वाईट एक जुगाड आहे, आणि तो मी स्वतः केला आहे, म्हणून अधिकाराने बोलतो. बॉनेटच्या बिजागरीखाली जाड वॉशर घालून मागची कड बोटभर वर उचलायची. कापाकापी नाही, खर्च नाही, फाहसच्या वेळी काढून टाकता येतं. माझ्या जुन्या गाडीला मी हे केलं आणि दोन महिने स्वतःवर खूश होतो. मग एका संध्याकाळी सिग्नलला उभा असताना केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास आला. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून थोडं तेल गळून एक्झॉस्टवर पडत होतं. गळती जुनीच होती. नवं होतं ते हे, की उचललेल्या कडेतून तो धूर थेट वायपरखालच्या जाळीत आणि तिथून आमच्या नाकात येत होता. तेलाला वास असतो म्हणून कळलं. एक्झॉस्टचा जोड सैल असता तर कार्बन मोनॉक्साइड आला असता, त्याला वास नसतो. मागे मुलगी झोपली होती. घरी येऊन मी पहिले ते वॉशर काढले.

काही जण मला फॉर्च्युनरचं उदाहरण देतात. भारतात आलेल्या पहिल्या पिढीच्या 3 लिटर डिझेल फॉर्च्युनरच्या बॉनेटवर मोठं उघडं तोंड होतं, मग ते काय होतं? ते होतं इंटरकूलरसाठी. टर्बोने दाबून गरम केलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करायला इंजिनच्या वर एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो, त्याला वारा लागावा म्हणून ते तोंड. ते हवा आत घेतं. सुबारू डब्ल्यूआरएक्सचंही तेच. असं पुढे तोंड असलेलं स्कूप इंटरकूलर नसलेल्या गाडीला लावलं, तर तुम्ही इंजिनच्या खोलीत आणखी हवा कोंबता, तिथला दाब वाढवता आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेची वाट अडवता. पैसे देऊन गाडी जास्त तापवण्याचा हा उपाय आहे.

मित्राला मी आणखी एक प्रश्न विचारला, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा निघाला. गाडी तापते कधी? 40 नंबरच्या हायवेवर 120 ने जाताना, की रांगेत आणि वाळूत हळू चालवताना?

कारण हे दोन वेगळे आजार आहेत. समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. 100 किलोमीटरच्या वेगाला तो सुमारे 420 पास्कल होतो, म्हणजे नळीतलं पाणी 43 मिलिमीटर वर चढवेल एवढा. 20 च्या वेगाला तो भरतो 17 पास्कल, पाणी दोन मिलिमीटरही चढत नाही. पंचवीसपट फरक. म्हणजे हायवेवर वारा काम करतो आणि रांगेत सगळा भार पंख्यावर असतो. रांगेत उकळणाऱ्या गाडीच्या बॉनेटला पुढच्या भागात कितीही शास्त्रशुद्ध झरोके पाडले तरी तिथे ओढून घ्यायला वाराच नाही. पंख्याने ढकललेल्या हवेला थोडी सोपी वाट मिळेल, एवढाच फायदा.

हायवेवर तापत असेल तर एक फुकटचा उपाय आहे आणि तो कुणालाच आवडत नाही. वेग कमी करा. हवेचा अडथळा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. 120 वरून 90 वर आलात तर ती शक्ती निम्म्याहून खाली येते, पण समोरून मिळणारा वारा केवळ पावपट कमी होतो. उष्णता झपाट्याने घटते, गारवा हळू घटतो. मागे बोट असेल तर हे आणखी खरं. नुवैसीबकडे ट्रेलर ओढत 120 ने जाणारे बघितले की मला त्यांच्या हेड गॅस्केटची दया येते.

मित्राची गाडी रांगेत तापत होती. म्हणून आम्ही झरोक्यांचं खोकं बाजूला ठेवलं आणि बॉनेट उघडलं.

पहिलं म्हणजे, डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत तो काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. कूलंट 80 वर असो की 105 वर, काटा हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी रीडर घ्या, फोनवर खरा आकडा दिसतो. आणि "झरोके लावले आणि काटा खाली आला" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. इंजिन निरोगी असेल तर त्याचं तापमान थर्मोस्टॅट ठरवतो. तुम्ही हवा वाढवली तर तो थोडा मिटतो आणि तापमान जिथल्या तिथे राहतं. झरोक्यांचा उपयोग दिसतो तो थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यानंतरच, म्हणजे यंत्रणा टोकाला पोचल्यावर.

दुसरं, रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्या मधली फट. कुवेतची धूळ तुम्हाला सांगायला नको. एका तोझमध्ये बाल्कनीचं काय होतं ते रोज पुसणाऱ्याला विचारा. तीच धूळ या दोन जाळ्यांच्या मध्ये, थोड्या तेलकट ओलाव्यात, नमद्यासारखी बसते. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. आम्ही टॉर्च मारून वरून बघितलं, तर रेडिएटरचा खालचा भाग राखाडी होता. इंजिनच्या बाजूने पुढे असं, साध्या नळाच्या धारेने धुतलं. प्रेशर वॉशर नको, पत्र्याचे पातळ पंख वाकतात आणि मग ती हवा कायमचीच बंद.

तिसरं, रेडिएटरच्या बाजूंना असलेल्या फोमच्या आणि रबराच्या पट्ट्या. त्या क्षुल्लक दिसतात, उन्हात भुगा होतात आणि सर्व्हिसिंगला कुणी बदलत नाही. पण त्या नसल्या की हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी बाजूने निसटते. गाडी उभी असताना तर उलटंच होतं, पंख्याने मागे फेकलेली गरम हवा बाजूने फिरून पुन्हा पुढे येते आणि रेडिएटर आपलीच उष्टी हवा पितो. मित्राच्या गाडीत डाव्या बाजूची पट्टी पूर्ण गायब होती. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कवच आणि पोटाखालचा पत्राही असाच. "काढून टाक, हवा लागेल" म्हणून कित्येक जण तो फेकून देतात. पुष्कळ गाड्यांत तो हवेला दिशा द्यायला आणि पोटाखालचा दाब सांभाळायला ठेवलेला असतो.

चौथं, पंखा. त्याच्या गाडीचा पंखा इंजिनवरच फिरणारा, मध्ये सिलिकॉन तेलाचा क्लच. क्लच म्हातारा झाला की पंखा फिरताना दिसतो, पण ओढत नाही. गरम इंजिन बंद केल्यावर हाताने फिरवून बघितला, तर गिरगिर फिरत राहिला. तो चांगला असता तर घट्ट लागला असता. रांगेत गाडी उकळण्याचं मुख्य कारण तिथे सापडलं.

पाचवं, रेडिएटरचं झाकण. हे झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिटी. दाब एक बारने वाढवला की साधं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही, कूलंटचं अर्धंअर्धं मिश्रण आणखी वर जातं. झाकणातलं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि कूलंट 107-108 लाच उकळायला लागतो. काही दिनारांचं झाकण बदलायचं सोडून लोक बॉनेट कापतात. आणि हो, कुकरसारखंच, तापलेलं असताना ते उघडायचं नाही. हात आणि चेहरा दोन्ही भाजतात.

एवढं करूनही कुणाला झरोके हवे असतील तर माझा विरोध नाही. जास्त शक्ती काढलेलं इंजिन असेल, अरिफजानच्या ट्रॅकवर जात असाल, उन्हाळ्यात बोट ओढत हायवेवर तासभर चालवत असाल, तर पुढच्या भागातला, रेडिएटरच्या लगेच मागचा, नीट आकाराचा झरोका खरंच काम करतो. पण आधी मोजा. मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. मत्स्यपेटीच्या दुकानातली पारदर्शक नळी घ्या, मधला भाग इंग्रजी यूसारखा वाकवून पट्टीवर बांधा, रंगीत पाणी भरा आणि तो केबिनमध्ये ठेवा. नळीचं एक टोक बॉनेटखाली, रेडिएटरच्या मागे, पंख्यापासून दूर बांधा. दुसरं टोक बॉनेटवर, जिथे कापायचं मनात आहे तिथे. वरचं टोक नुसतं उघडं ठेवू नका. पातळ प्लास्टिकच्या चकतीला मधोमध बारीक भोक पाडून त्यात बसवा आणि चकती बॉनेटला सपाट चिकटवा, नाहीतर वाऱ्याचा झोत आकडा बिघडवतो. पहाटे रिकाम्या रस्त्यावर 100 ने चला. वाचन शेजारच्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही. बॉनेटवरून आलेल्या नळीत पाणी वर चढलं, तर वर दाब कमी आहे, तिथे कापलं तर हवा बाहेर येईल. खाली गेलं, तर तिथे कापू नका. चकती हातभर पुढे-मागे सरकवून पुन्हा बघा.

कापतानाही एक भान ठेवा. बॉनेट म्हणजे नुसता पत्रा नाही, खाली त्याची फासळ्यांसारखी चौकट असते. ती बॉनेटला ताठ ठेवते, आणि पादचारी धडकला तर त्याचं डोकं कसं सोसायचं हेही तीच ठरवते. चौकट तोडून झरोका बसवला तर 120 ला बॉनेट थरथरतं आणि सगळा भार लॅचवर येतो. दफ्तरच्या नूतनीकरणात अडचण नको असेल तर कापण्याआधी वाहतूक खात्यात विचारून घ्या.

आणि कृपा करून फोटो गावाकडच्या भावाला पाठवू नका. भारतात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर फेरफार चालणार नाही. शिवाय कुवेतमध्ये वर्षाला शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तेवढा आपल्या कोकणात एका दुपारी पडतो. इथला उघडा झरोका तिथे अल्टरनेटरवर पागोळी धरेल.

मित्राने फॅन क्लच बदलला, पट्टी बसवली, झाकण बदललं. नोव्हेंबरात आम्ही पुन्हा खैरानला गेलो, रांग नेहमीसारखीच, फोनवरचा आकडा 96 च्या वर गेला नाही. अर्थात नोव्हेंबर म्हणजे परीक्षा नव्हे, खरा निकाल जुलैत लागेल. झरोक्यांचं खोकं अजून त्याच्या गॅलरीत आहे. परवा म्हणत होता, हायवेवर बोट ओढताना आकडा 104 पर्यंत जातो, आता तरी मोजूया का? पुढच्या शुक्रवारी पहाटे पाचला निघायचं ठरलंय. नळी मी आणतोय, पाण्यात घालायचं कुंकू वहिनी देणार आहेत.